शॉकअपचा बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होतो किंवा तुटतो? नवा घेण्याआधी जुना नीट बघा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. गतिरोधकावरून मागचं चाक उतरलं की डिकीच्या खालून ‘खट्’ असा एक कोरडा आवाज. गॅरेजवाला पाना लावतो, बोल्ट कसतो, आवाज जातो. काही दिवस बरे जातात आणि इंदूरहून भेरूघाट उतरून ओंकारेश्वरची एखादी फेरी झाली की परत तेच. मग बोल्ट बदलतात. तोही पावसाळा संपायच्या आत तुटतो किंवा वाकतो. त्यानंतरचं उत्तर ठरलेलं: ‘साहेब, रस्तेच असे आहेत.’

रस्ते असे आहेत हे खरंच आहे. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर दरवर्षी नव्या लाटा धरतं. पण याच रस्त्यांवर कंपनीने बसवलेला मूळ बोल्ट कितीतरी वर्षं निमूट टिकलेला असतो. तेव्हा बदललेलाच बोल्ट वारंवार जात असेल तर दोष रस्त्यावर ढकलून भागणार नाही. बोल्ट चुकीचा आहे, किंवा तो ज्यात बसतो ती जागा बिघडली आहे. बऱ्याचदा दोन्ही.

आधी हा बोल्ट नेमकं काय करतो ते बघू, कारण इथेच समजुतीचा घोटाळा आहे. मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकाला एक गोल डोळा असतो, त्यात रबरी बुश आणि बुशच्या मधोमध लोखंडी नळी. ही नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बसते आणि बोल्ट आरपार जातो. आपल्याला वाटतं, भिंतीतली खुंटी पिशवीचं वजन पेलते तसा बोल्ट शॉकअपचा भार पेलतो. तसं नाही. बोल्ट कसला की दोन्ही कान नळीच्या तोंडांवर घट्ट दाबले जातात आणि त्या दाबातून येणारं घर्षण नळीला जागेवर धरून ठेवतं. शॉकअपची हालचाल होते ती रबर पिळलं गेल्यामुळे. नळी हलायलाच नको. हा दाब कमी पडला की नळी सरकते, प्रत्येक खड्ड्यात बोल्टच्या अंगावर आपटते, तोच आपला ‘खट्’. मग बोल्टवर खाच पडते, ब्रॅकेटचं भोक लांबट होतं, बोल्ट मागेपुढे वाकत राहतो आणि एक दिवस तुटतो. म्हणजे तो तुटतो तेव्हा आधी कितीतरी दिवस ढिला असतो.

आकड्यांत बघितलं तर फरक डोळ्यांत भरतो. ग्रेड म्हणजे बोल्टच्या पोलादाची ताकद, आकडा मोठा तितका तो मजबूत. 12 मिलिमीटरचा 10.9 ग्रेडचा बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण 120 ते 125 न्यूटन-मीटरने कसला तर तो जवळजवळ 5 टन दाब देतो. 8.8 ग्रेडचा, 90 च्या आसपास कसला, तर पावणेचार ते चार टन. आणि ग्रिलच्या, शेडच्या कामाला वापरतात तो साधा 4.6 ग्रेडचा बोल्ट? त्याला झेपेल इतकंच कसलं तर जेमतेम दीड टन. लोखंडावर लोखंडाचं घर्षण दाबाच्या साधारण 15 टक्के धरा, नळीची तोंडं दोन, म्हणजे 10.9 वाला दीड टनापर्यंतचा धक्का न सरकता धरतो आणि साधा बोल्ट 400 किलोच्या आसपासच हात टेकतो. जाडी तीच, डोकं तेच, डोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय वरून बघून काही कळणार नाही.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगायचं कारण माझ्या मावसभावाची गाडी. मागच्या डाव्या शॉकअपचा खालचा बोल्ट त्याच्याकडे परत परत जायचा. एका गॅरेजने नवे शॉकअप टाकले तेव्हापासून हे सुरू झालं, त्यामुळे तो शॉकअपलाच शिव्या देत होता. मी चाक काढून बोल्ट बाहेर ओढला तर त्याच्याबरोबर पातळ पत्र्याची एक गुंडाळी बाहेर आली. नळीचं भोक 12 चं, आत बोल्ट 10 चा, आणि मधली फट भरायला पत्रा! पत्र्याला आरपार घासल्याच्या चकचकीत खुणा, कानांच्या आतल्या बाजूला लालसर भुकटी. बोल्टच्या डोक्यावर ना आकडा ना शिक्का. शिवाय आटे अगदी डोक्यापर्यंत, आणि तडा गेला होता तो बरोब्बर नळी आणि कान जिथे मिळतात तिथल्या आट्याच्या खोबणीतून.

10 चा बोल्ट तिथे पोचला कसा? पान्याच्या नंबरामुळे. आपले मेकॅनिक बोल्टला त्याच्या जाडीने नव्हे, पान्याच्या मापाने ओळखतात: चौदा नंबर, सतरा नंबर. जपानी पद्धतीच्या गाड्यांत 12 मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं 17 चं असतं. बाजारातल्या जुन्या जर्मन मापाच्या 10 मिलिमीटरच्या बोल्टचं डोकंही 17 चंच. नव्या आंतरराष्ट्रीय मापात 10 ला 16 आणि 12 ला 18. पोऱ्याला ‘सतरा नंबर, इतका लांब’ असं सांगून दुकानात पिटाळलं की तो काय घेऊन येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे बोल्ट मागताना पान्याचा नंबर सांगूच नका. जाडी, आट्याचं अंतर (एका आट्यापासून पुढच्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये), लांबी आणि ग्रेड, या चार गोष्टी कागदावर लिहून न्या.

जुना बोल्ट काय सांगतो

तुटलेले तुकडे भंगारात टाकायच्या आधी उजेडात धरा. तुटलेल्या तोंडाचा काही भाग गुळगुळीत, मळकट आणि त्यावर किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या रेघांसारख्या वळणदार खुणा, उरलेला भाग खडबडीत आणि चमकदार, असं दिसलं तर तो थकून तुटला आहे. तडा जुना, शेवटचा तुकडा फक्त ताजा. याचा अर्थ तो सतत हलत होता. जास्त मजबूत बोल्ट आणून हे थांबत नाही, हलणं थांबवावं लागतं.

आट्यांजवळ मान बारीक झाली असेल, नट काही आट्यांवरून फिरतो आणि पुढे अडकतो असं असेल, तर बोल्ट ताणला गेला आहे. हलक्या ग्रेडच्या बोल्टवर मूळ बोल्टचा टॉर्क (कसतानाचा पिळाचा जोर) लावला की असंच होतं. कसताना हाताला ते जाणवतंही: पाना फिरत राहतो, पण घट्टपणा वाढत नाही. मेकॅनिक त्याला ‘मऊ लागतोय’ म्हणतात आणि आणखी अर्धा फेरा मारतात.

अंगावर नखाने चाचपडा. नळीच्या टोकाच्या जागी नख अडकलं तर झीज आहे, बोल्ट बाद. डोक्याच्या अगदी खाली तुटला असेल तर बहुधा ब्रॅकेटचा कान वाकडा झाला आहे आणि डोकं एका कडेवरच टेकतंय. तिथे नवा बोल्ट टाकण्यापूर्वी कान सरळ करावा लागेल.

नळी आणि भोकंही मापायची. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) घेऊन भोकाचं माप उभं आणि आडवं दोन्ही घ्या. फरक नजरेला दिसत असेल तर ब्रॅकेटचं काम आधी. आणि नळीची लांबी बघा, ही गोष्ट जवळजवळ कोणीच बघत नाही. बाहेरच्या बनावटीच्या शॉकअपमध्ये कधी कधी नळी मूळच्यापेक्षा किंचित आखूड असते. मग तुमचा सगळा जोर कान आत वाकवण्यात जातो, नळीवर दाब उरत नाही. ठरलेला जोर लागला की टॉर्क रेंच ‘टक्’ म्हणतो, आपण खूश, आणि जोड मात्र ढिलाच. अशा वेळी नळीच्या तोंडाला जाड वायसर देऊन वेळ मारून नेतात. त्यापेक्षा बरोबर मापाचा बुश बसवून घ्यावा, किंवा शॉकअप सरळ परत करावा.

इंदूरच्या सियागंज बाजारात जायच्या आधी

पहिला पर्याय कंपनीचाच बोल्ट. चॅसिस नंबर सांगून पार्ट्सच्या काउंटरवर मागा. बाजारभावापेक्षा महाग पडतो, कधी चार दिवस थांबावं लागतं, तरी मी आधी तोच सुचवेन. त्याची बिनआट्याची लांबी, टोकाचा आकार, गंजरोधक लेप हे सगळं त्या जोडासाठीच ठरवलेलं असतं. काही गाड्यांत हे बोल्ट किंवा नट एकदाच वापरायचे असतात, तेही तिथेच कळतं.

गाडी जुनी आणि पार्ट बंद झाला असेल तर मग सियागंज. तिथे नट-बोल्टची दुकानं भरपूर आहेत, माल चांगलाही मिळतो, फक्त काय हवं ते आपल्याला माहीत पाहिजे. नमुना म्हणून तुटका बोल्ट न्या. जो आहे तो मूळ आहे की मधल्या कोणीतरी घातलेला, हे ठाऊक नसेल तर दुसऱ्या बाजूचा बोल्ट काढून न्या. डावी-उजवी बाजू ताडून बघितली की निम्मा घोळ तिथेच मिटतो.

आट्याचं अंतर ही दुसरी गफलत. 12 मिलिमीटरमध्ये जाड आटा 1.75 चा असतो आणि बारीक आटे 1.5 आणि 1.25 असे दोन. जपानी-कोरियन गाड्यांत बहुधा 1.25, युरोपीय गाड्यांत बहुधा 1.5. 10 मध्ये जाड 1.5, बारीक 1.25. काउंटरवरचा माणूस विचारेल, ‘‘भिया, मोटी चूड़ी कि बारीक?’’ नुसतं ‘बारीक’ म्हणून चालणार नाही, कारण 12 ला बारीक दोन आहेत. 1.5 चा नट 1.25 च्या बोल्टवर दोन-तीन फेरे आरामात जातो, मग जड होतो. ‘‘थोड़ा तेल डालके पाने से कस दो, बैठ जाएगा,’’ असा सल्ला मिळेल. बसतो, पण आटे चावून बसतो. नियम साधा: नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अपवाद फक्त नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) किंवा दाबलेल्या तोंडाच्या नटचा, तो शेवटच्या टप्प्यात जड जाणारच. पिच गेज (आट्याचं अंतर मोजायचं साधन) फार महाग नसतो, घरी असू द्या.

लांबी डोक्याच्या खालून मोजतात, डोकं धरून नाही. आणि नुसती एकूण लांबी पुरत नाही, त्यातली गुळगुळीत किती हे महत्त्वाचं. नळी आणि कान जिथे मिळतात त्या दोन्ही ठिकाणी बोल्टचं गुळगुळीत अंग यायला हवं, आटे नकोत. आट्याची खोबण म्हणजे तड्याला तयार वाट. दुकानात याला ‘हाफ थ्रेड’ म्हणतात. प्रमाणित हाफ थ्रेड बोल्टमध्ये, लांबी 125 मिलिमीटरपर्यंत असेल तर, आट्यांचा भाग जाडीच्या दुप्पट अधिक 6 मिलिमीटर असतो. म्हणजे 12 च्या बोल्टला 30 मिलिमीटर आटे, 10 च्याला 26, 14 च्याला 34.

समजा ब्रॅकेटची बाहेरून बाहेर रुंदी 52 मिलिमीटर आणि कानाची जाडी 4. दूरचा सांधा पडतो 48 वर. 80 लांबीच्या 12 च्या बोल्टमध्ये 50 गुळगुळीत, म्हणजे आटे कानाच्या आत सुरू होतात, छान. 70 चा घेतला तर गुळगुळीत फक्त 40, आटे नळीच्या आत आले. उलट 90 चा घेतला तर गुळगुळीत 60, नट आट्यांच्या शेवटाशी जाऊन अडतो, कसल्यासारखा वाटतो आणि ब्रॅकेट मात्र दाबलेलंच नसतं! त्यावर वायसरची चळत लावून काम भागवलेलं मी पाहिलं आहे. बाहेर आलेलं टोक ब्रेकच्या नळीला किंवा रिमला लागत नाही ना, तेवढं चाक फिरवून बघा.

ग्रेडचं बघायचं ते डोक्यावर. 8.8 किंवा 10.9 हा आकडा आणि सोबत बनवणाऱ्याची खूण, दोन्ही हवीत. पहिला आकडा ताकद सांगतो (8 म्हणजे 800 मेगापास्कल), दशांशानंतरचा सांगतो की त्याच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जाईल (.8 म्हणजे 80 टक्के). आपल्याकडे हे आयएस 1367 या मानकात येतं. नुसता काळा रंग म्हणजे ‘हाय टेन्साइल’ नव्हे, काळा रंग कशालाही देता येतो.

मूळ ग्रेड होता तोच घ्यायचा. 8.8 च्या जागी 10.9 घातला तर नुकसान नाही, पण त्याच टॉर्कला दाब तेवढाच मिळतो, ग्रेड वाढवला म्हणून आपोआप पकड वाढत नाही. 12.9 च्या मोहात पडू नका. इतकं कडक पोलाद जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतं, आणि मग ते कसून ठेवल्या ठेवल्या एखाद्या रात्री तुटतं. स्टेनलेसही नको. तो गंजत नाही, दिसतो देखणा, पण नेहमी मिळणारा ए2-70 हा 8.8 पेक्षा बराच दुबळा असतो आणि त्याचे आटे एकमेकांत जाम होतात.

नटही त्याच तोलाचा: 8.8 ला 8, 10.9 ला 10. नायलॉकचं नायलॉन एकदा वापरलं की पकड कमी होते, दर वेळी नवा घाला. स्प्रिंग वायसरवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं की जोड आडवा सरकू लागला की नट आपोआप सुटत जातो. पुरेशा टॉर्कला स्प्रिंग वायसर चपटा होऊन बसतो आणि त्या सरकण्यापुढे त्याचं काही चालत नाही. मूळ जोडात फ्लँज नट (खाली रुंद कडा असलेला) असेल तर फ्लँज नटच हवा.

बसवताना

गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. गंजून अडकलेला बोल्ट काढायला गॅस कटर पेटवू देऊ नका: शॉकअपच्या आत तेल आणि दाबाखालचा वायू असतो. भेदक तेल रात्रभर, नंतर लांब दांडा. तेवढ्यानेही हलला नाही तर बोल्ट कापा, बुश बदला. सांवेर रोडच्या कोणत्याही लेथवर नवी नळी दाबून मिळते.

कान आणि नळी जिथे टेकतात तिथला गंज आणि रंग खरवडून काढा. नवीन शॉकअपवरचा रंगाचा जाड थर दाबाखाली हळूहळू बसतो, तेवढा बोल्ट ढिला होतो. ‘नव्यानेच कसला होता, आठवड्यात ढिला झाला’ यामागे अनेकदा हेच असतं. आट्यांना ग्रीस लावायचं की नाही ते गाडीच्या पुस्तकावरून ठरवा. कोरड्यासाठी दिलेला टॉर्क ग्रीस लावलेल्या बोल्टवर वापरला तर ताण कितीतरी जास्त जातो.

बोल्ट आधी हलकेच लावायचा. चाक बसवा, गाडी जमिनीवर टेकवा, दोनदा दाबून सोडा आणि मग शेवटचा टॉर्क द्या. चाक हवेत लोंबत असताना कसला तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी खाली येताच कायमचं पिळलेलं राहतं. बुश लवकर फाटतो आणि आवाज परत. गॅरेजमध्ये हे सहसा कोणी करत नाही, कारण रॅम्पवरून गाडी उतरवून खाली वाकायचा कंटाळा. समोर उभं राहून करून घ्या.

टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, वर दिलेले आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. टॉर्क रेंच नसेल तर एवढं लक्षात घ्या की 110 न्यूटन-मीटर म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला सदतीस किलोच्या आसपास जोर. ‘हाताने मस्त कसलं’ म्हणजे बहुतेकदा याच्या खूप अलीकडे. न्यूमॅटिक गनने ‘भुर्र’ केलेलं असेल तर कुठे पोचलं ते देवालाच ठाऊक.

पुढच्या चाकांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे शॉकअपची खालची पट्टी दोन बोल्टांनी नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) आवळलेली असते आणि चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेर कल, त्यांच्यावरच ठरतो. बारीक अंगाचा बोल्ट गेला तर चाक कलतं, टायर एका कडेने झिजतो. म्हणून हे बोल्ट ढिले केले की अलाइनमेंट आलीच. बॉनेटखालच्या टॉवरवरच्या मधल्या नटला मात्र घरी हात लावू नका, त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे.

बोल्ट गाडीच्याच वेल्ड केलेल्या नटमध्ये जात असेल आणि ते आटे गेले असतील, तर टॅप मारून एक माप जाड बोल्ट घालायचा उपाय सुचवला जाईल. नळीचं भोक तेवढं नसतं, मग तेही ड्रिल करतात. नको. जुना नट काढून त्याच मापाचा, बरोबर ग्रेडचा नवा बसवून घ्या.

सगळं झाल्यावर नटवरून ब्रॅकेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढा, नेलपॉलिशही चालेल. काही शे किलोमीटरनंतर वाकून बघा. रेघ तुटली असेल तर जोड सरकतोय, दाब, नळी, भोकं पुन्हा तपासा. रेघ अखंड असून आवाज येत असेल तर बोल्टच्या मागे लागू नका. मागे शॉकअपचं वरचं माउंट आणि पुढे स्टॅबिलायझरचा लिंक रॉड, या दोन जागा बघा. हुबेहूब असाच ‘खट्’ तिथूनही येतो.